वार (प्लॅसेंटा) सुटून बाळ गेलं. पुन्हा दिवस राहू देण्याचा विचार कधी आणि कसा करावा?

शेवंती

नमस्कार. इथल्या बाळंतपणाच्या धाग्यांवर मी आजवर फक्त वाचत आले. आज माझ्यासाठी विचारतेय.

गेल्या श्रावणात आमची मुलगी गेली. चौतिसावा आठवडा चालू होता. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्यात ओटी भरून मी पुण्याहून माहेरी आले होते, मराठवाड्यात, तालुक्याच्या गावी. एका पहाटे पोटात दुखायला लागलं. कळ येते आणि जाते असं सगळे सांगतात, हे दुखणं थांबतच नव्हतं. पोट हाताला टणक लागत होतं, दाबलं तरी दबत नव्हतं. अंगावरून रक्त अगदी थोडं गेलं, त्यामुळे घरात कोणाला ते इतकं गंभीर असेल असं वाटलं नाही. तालुक्यातून जिल्ह्याला पाठवलं. तिथे पोचले तेव्हा बाळाचे ठोके होते, पण फार कमी. पूर्ण भूल देऊन सिझर केलं. वार जवळपास निम्मी सुटली होती आणि मागे गुठळ्या साचल्या होत्या. मला रक्त चढवावं लागलं. बाळ एक रात्र काचेत होतं. मला उठून तिच्यापर्यंत जाता येण्याआधी ती गेली.

आता वर्ष होत आलंय. सासूबाई म्हणतात, आता लांबवू नका. नवरा म्हणतो, मला मूल नको, तू हवीस, ती रात्र मी पुन्हा काढू शकत नाही. आई गप्प असते. मला बाळ हवंय, हे मला रोज सकाळी पक्कं माहीत असतं आणि रात्री तितकीच भीती वाटते.

परवा फाईल काढून बसले. दर भेटीला शिक्क्याखाली बीपी लिहिलंय. सुरुवातीला ११०/७०. मग १२४/८०. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर १३६/८८. शेवटच्या भेटीत १४२/९४, आणि त्याच्यापुढे फक्त 'मीठ कमी, पंधरा दिवसांनी'. पाय सुजले होते, डोकं दुखायचं. गरोदरपणात होतंच असं, हे मला घरीदारी सगळीकडे ऐकायला मिळालं.

वार सुटल्यावर पुन्हा गरोदर राहिलेलं इथे कोणी आहे का? किती थांबलात? पुन्हा तसंच झालं का? दुसऱ्या वेळी काय वेगळं केलंत? खरं असेल ते लिहा, धीर देण्यासाठी गोड करून लिहू नका.

गोदाकाठ

शेवंती, वाचून काही सुचत नाहीये. मुलीबद्दल फार वाईट वाटलं. रात्री निवांत लिहिते.

मुक्तछंद

मी आहे. माझा मुलगा सदतिसाव्या आठवड्यात पोटातच गेला, कारण हेच. माझं बीपी मात्र नॉर्मल होतं, कारण आजवर सापडलेलं नाही. ठोके थांबलेलेच होते आणि माझी तब्येत स्थिर होती, म्हणून सिझर न करता कळा आणून बाळंतपण केलं. तेव्हा मला तो अन्याय वाटला होता. पोटावर टाके नव्हते त्याचा फायदा पुढच्या वेळी झाला.

वर्षाच्या आतच पुन्हा दिवस राहिले. तेव्हा माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली ऑस्ट्रेलिया, फिनलंड आणि नॉर्वेतल्या नोंदींवरचा एक अभ्यास आला आहे. मृत जन्मानंतर वर्षाच्या आत गर्भ राहिला म्हणून पुढच्या बाळाचा धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. शरीर तयार आहे, मनाचं तुम्ही बघा, म्हणाल्या.

मनाचं सांगते. ते नऊ महिने आनंदाचे नव्हते. डोहाळजेवण मी करू दिलं नाही. बाळासाठी एकही कपडा आणला नाही. पोटात हललं की भीती, नाही हललं की जास्त भीती. छत्तिसाव्यात मला दाखल करून घेतलं आणि सदतीस पूर्ण झाल्यावर ठरवून बाळंतपण केलं. मुलगी आहे, बालवाडीत जाते. घरात दोघांचे वाढदिवस असतात, एकाला केक असतो आणि एकाला आम्ही देवाजवळ दिवा लावतो.

अण्णा_सोलापूर

ताई, माझ्या बहिणीचं पहिलं असंच गेलं होतं. लगोलग दुसरं झालं आणि ती सावरली. जास्त विचार करू नका. मूल मांडीवर आलं की मागचं विसरायला होतं.

मुक्तछंद

अण्णा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण विसरायला होत नाही. तुमच्या बहिणीला एकदा विचारून बघा, ती बाळाची तारीख सांगेल.

डॉ_स्नेहल

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शेवंती, तुमची तपासणी मी केलेली नाही, म्हणून हे घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.

दर शंभर गरोदरपणांत साधारण एकीला किंवा त्याहून कमी जणींना हे होतं. बाळ बाहेर यायच्या आधीच वार गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटते. रक्त मागे साचलं तर बाहेर थोडंच दिसतं, आणि म्हणूनच दिसणाऱ्या रक्तावरून अंदाज बांधता येत नाही. न थांबणारं दुखणं आणि घट्ट झालेलं पोट हीच मोठी खूण असते. कारणांमध्ये वाढलेलं बीपी आणि प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला बीपी वाढण्याचा आजार) सगळ्यात पुढे. मग तंबाखू, पोटाला मार, फार जास्त झालेलं गर्भजल एकदम निघून जाणं, जुळं वगैरे. पुष्कळ जणींमध्ये, मुक्तछंद यांच्यासारखं, कारण सापडतच नाही.

पुन्हा होण्याबद्दल: ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत एकदा झालं असेल तर पुन्हा होण्याचं प्रमाण ४.४ टक्के दिलंय. इतर अभ्यासांत ते १५ टक्क्यांपर्यंतही जातं. दोनदा झालं असेल तर १९ ते २५ टक्के. म्हणजे बहुतेकींना पुन्हा होत नाही. पण ज्यांना कधी झालेलंच नाही त्यांच्यापेक्षा तुमची जोखीम कितीतरी पटींनी जास्त आहे. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. तुम्हाला कोणी यातली एकच सांगितली, तर दुसरी विचारून घ्या.

तुमच्या फाईलमधले आकडे वाचून मला त्रास झाला. १४२/९४ आणि डोकेदुखी, यावर पंधरा दिवसांनी या हे उत्तर नाही. त्याच दिवशी लघवीतली प्रथिनं, रक्ताची तपासणी आणि बाळाची सोनोग्राफी व्हायला हवी होती. मात्र त्यातूनच पुढची दिशा मिळते, कारण बीपी हे असं कारण आहे ज्यावर काही करता येतं.

दिवस राहण्याआधी आताचं बीपी बघा. बाळंतपणानंतर तीन महिने उलटूनही ते जास्त असेल तर ते गरोदरपणापुरतं नव्हतं. गोळ्या चालू असतील तर बदलाव्या लागतील, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटातल्या गोळ्या गर्भारपणात चालत नाहीत. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, किडनी तपासा. अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीजची (यांनी रक्तात गुठळ्या होऊ शकतात) तपासणी करा. ती पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करायची असते, एका रिपोर्टवर हेपॅरिनची (रक्त पातळ ठेवणारी) इंजेक्शनं सुरू करू नयेत. फॉलिक ॲसिड आधीपासून. रक्तगट निगेटिव्ह असेल तर मागच्या वेळी अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं का ते कागदावर शोधा.

दिवस राहिल्यावर, तुमच्यासारखा इतिहास असेल तर बाराव्या आठवड्यापासून, सोळाव्याच्या आत, कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात. ती प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण कमी करते. वार सुटणं तिने टळतंच असं सिद्ध झालेलं नाही. मनाने घेऊ नका.

अंतर: सिझर झालेलं असल्यामुळे दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर नको, टाके उसवण्याचा धोका वाढतो. वर्ष होत आलंय, म्हणजे आता दिवस राहिले तरी ते अंतर पूर्ण होतं. त्याआधी ऑपरेशनच्या नोंदी मागवा. गर्भाशयावरचा छेद आडवा होता की उभा, यावर पुढचं बाळंतपण कसं करायचं ते ठरतं. पोटावरचा व्रण आडवा असला म्हणजे आतला छेदही आडवाच असेल असं नाही.

शेवंती

डॉक्टर, खूप आभार. एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली होती आणि वार ठीक असल्याचं लिहिलं होतं. मग ती नीट बघितली नाही का?

डॉ_स्नेहल

नीट बघूनही दिसत नाही. सुटलेली वार निम्म्याहून जास्त वेळा सोनोग्राफीत सापडतच नाही, ताजं रक्त आणि वार पडद्यावर जवळजवळ एकसारखे दिसतात. आणि तुमची वार तपासणीच्या दिवशी सुटलेली नसणार, ती पुढे सुटली. हा आजार सोनोग्राफीने आधी पकडता येत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी 'दर आठवड्याला सोनोग्राफी करू' यापेक्षा 'दुखलं तर किती मिनिटांत ऑपरेशन थिएटरच्या दारात असू' हा प्रश्न महत्त्वाचा.

पानशेत_वारा

मी नवऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण शेवंतीताईंच्या यजमानांचं वाक्य मी शब्दशः म्हटलेलं आहे.

बायको आयसीयूत होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, रक्त गोठत नाहीये, आणखी पिशव्या आणा. मी रक्तपेढीच्या खिडकीशी उभा होतो तेव्हा बाळ गेल्याचा फोन आला. दुपारी मी आणि मेहुणा बाळाला पुरायला गेलो. इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत. खड्डा खणणाऱ्या माणसाने विचारलं, नाव ठेवलंय का? नव्हतं ठेवलं. परत येऊन हात धुतले आणि पुन्हा रक्ताच्या रांगेत उभा राहिलो. बायकोला हे मी बरेच महिने सांगितलं नाही. ती समजायची, याला बाळाचं काही वाटलं नाही, म्हणून हा पुढच्याचं नाव काढत नाही.

ताई, ते 'मूल नको' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तुमचा ऑपरेशन थिएटरचा दरवाजा आहे. त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना त्यांचा प्रश्न विचारू द्या: हिला काय होऊ शकतं? आम्ही तसंच केलं. डॉक्टरांनी रक्त गोठणं का थांबलं होतं, पुढच्या वेळी तयारी कशी असेल, सगळं सविस्तर सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट जेवलो. आमचा मुलगा आता दीड वर्षाचा आहे.

शेवंती

हे मी यांना वाचायला दिलं. काही बोलले नाहीत, मोबाईल बराच वेळ हातात धरून होते.

सह्याद्रीची_लेक

मी आशा कार्यकर्ती आहे, सातारा जिल्ह्यात. तंबाखूचा विषय वर एका शब्दात आटोपला, त्यावर लिहिते. आमच्याकडे बायका सिगरेट ओढत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारलं की 'व्यसन नाही' सांगतात. पण मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू भाजून काळी पूड करायची आणि सकाळी दातांना लावायची. ती तंबाखूच आहे. गर्भारपणात मळमळतं म्हणून दिवसातून तीनतीनदा लावतात. मी घरी गेले की 'तंबाखू खाता का' असं विचारतच नाही, 'दात कशाने घासता' विचारते. मग खरं उत्तर येतं.

आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात, २०१६ पासून. ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांनी ती चुकवू नये. जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल खूण करतात. ती खूण अंगाला लावून घ्यायची लाज वाटून घेऊ नका. तुमच्यावर जास्त लक्ष ठेवायचं आहे हे सांगायलाच ती असते.

गोदाकाठ

माझी मावशी अजून मशेरी लावते. तिला हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे. तिची सून सध्या चौथ्या महिन्यात आहे आणि तीही लावते.

सह्याद्रीची_लेक

सुनेला आधी वाचून दाखवा. मावशीला मी फोनवर सांगते, नंबर संदेशात द्या. माझ्याशी वाद घालून आजवर कोणी मावशी जिंकलेली नाही :)

रेवाकाठी

शेवंतीने खरं लिहायला सांगितलंय म्हणून लिहिते. नाहीतर मी अशा धाग्यांवर गप्प राहते.

माझं दोनदा झालं.

पहिलं बाळ गेलं. दुसऱ्या वेळी आम्ही मोठ्या दवाखान्यापासून रिक्षाने पोचता येईल असं घर भाड्याने घेतलं. बत्तिसाव्या आठवड्यात संध्याकाळी भाजी निवडताना रक्ताचा डाग दिसला. तेवढाच. पहिल्या वेळी मी पडून राहिले असते, या वेळी निवडलेली मेथी तशीच टाकून निघालो. दाखल केलं. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. दोन्ही डोस झाले आणि मग दुखायला लागलं, तडक सिझर. मुलगा दीड किलोच्या आसपास होता. बरेच आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), मग कांगारूसारखा छातीशी बांधून घरी. आता तिसरीत आहे, चष्मा आहे, गणितात हुशार आहे.

तर पुन्हा होऊ शकतं. पण पुन्हा झालं म्हणजे पुन्हा बाळ जाईलच असं नाही. आमच्याकडे फरक पडला तो फक्त वेळेत पोचल्यामुळे.

तिसऱ्याचा विचार केला नाही. माझ्या डॉक्टरांनी आकडा सांगितला आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी मान हलवली.

देवाशिष

वैद्यकीय सगळं बरोबर आहे, पण त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करून घ्यावा असं सुचवेन. घराण्यात काही राहून गेलं असेल तर असं घडतं. आमच्या नात्यात गुण आला आहे.

मुक्तछंद

कृपा करून हे नको. मला माझ्या घरच्यांनी तेच ऐकवलं होतं, आणि 'काही राहून गेलं असेल' म्हणजे शेवटी बाईच्या पत्रिकेवर येतं. शेवंतीच्या फाईलवर १४२/९४ लिहिलंय. ते पूर्वजांनी लिहिलेलं नाही.

माई_मिरजकर

मी इथल्या बहुतेकींच्या आईच्या वयाची. माझा पहिला मुलगा १९८१ साली गेला, तेव्हा अब्रप्शन हा शब्द कोणी सांगितला नाही, 'वार आधी सुटली' एवढंच सुईण म्हणाली. देवाशिष, तुम्ही वाईट मनाने लिहिलं नाही. पूजा करून कोणाला शांत वाटत असेल तर करावी. मी स्वतः विठोबाला बोलले होते आणि पंढरपूरला जाऊनही आले. पण पोरीच्या कपाळावर दोष चिकटवू नये. माझ्या सासऱ्यांनी तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, सुनेला कोणी एक शब्द बोललं तर माझ्याशी गाठ आहे. त्या एका वाक्यावर मी पुढची दोन बाळंतपणं काढली.

शेवंती, तुझ्या घरात असं बोलणारं कोणी आहे का? नसेल तर आधी ते माणूस तयार कर. नवऱ्याला सांग, आईशी तुम्ही बोला. सुनेने सासूला 'थांबा' म्हणणं आणि मुलाने म्हणणं यात अजूनही फार फरक पडतो.

देवाशिष

माई, पटलं. 'घराण्यात राहून गेलं असेल' हे वाक्य मागे घेतो. ताईंना दुखवायचं नव्हतं.

कलम_कायदा

विषय थोडा बाजूचा, पण नोकरी करणाऱ्यांच्या उपयोगाचा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलेलं होतं, आणि सव्विसाव्या आठवड्यापर्यंत जे होतं त्याला गर्भपात म्हटलं होतं. म्हणजे त्यानंतर बाळ गेलं असेल तर ती प्रसूतीच. 'बाळ नाही तर रजा कशाला' असं म्हणत सहा आठवड्यांत कामावर बोलावणारे एचआर मी पाहिले आहेत. ते सहा आठवडे गर्भपाताचे. केंद्र सरकारी नोकरीत मृत जन्म झाला किंवा बाळ जन्मानंतर लगेच दगावलं तर ६० दिवसांची विशेष रजा देण्याचा आदेश सप्टेंबर २०२२ मध्ये निघाला. मृत जन्माची नोंदही होते, ती करून घ्या आणि कागद जपून ठेवा.

शेवंती

मला तेच ऐकवलं होतं, शब्द थोडे वेगळे. तेव्हा भांडायची ताकद नव्हती. पुढच्या कोणाला तरी उपयोग होईल.

पाखरू

कोणी लिहिलं नाही म्हणून विचारते. बाळ गेल्यावर दूध आलं तेव्हा काय केलंत? मला कोणी सांगितलंच नव्हतं की येईल. ब्लाउज ओला झाला तेव्हा नणंद समोर बसली होती, आम्ही दोघी रडलो.

गोदाकाठ

माझ्या जावेचं बाळ एनआयसीयूत काही दिवस होतं, मग गेलं. तिने तोपर्यंत काढलेलं दूध तिथल्या दूधपेढीला दिलं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. आता पुष्कळ ठिकाणी आहेत. प्रत्येकीला जमेल असं नाही आणि जमलंच पाहिजे असंही नाही. जाऊबाई म्हणतात, माझ्या लेकराच्या वाटचं कोणीतरी प्यायलं.

डॉ_स्नेहल

दूध थांबवायची गोळी असते, पण बीपी वाढलेलं असेल तर ती सरसकट देत नाहीत, विचारूनच घ्या. घट्ट आधार देणारी ब्रा, थंड पट्ट्या, आणि फारच ठणकलं तर आराम पडेल इतकंच काढायचं.

मँचेस्टरकरीण

इथे मँचेस्टरला सेंट मेरीज रुग्णालयात रेनबो क्लिनिक आहे, फक्त आधी बाळ गमावलेल्या आयांसाठी. दर वेळी तीच डॉक्टर, तीच दाई. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की दर भेटीला आपली गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागत नव्हती. फाईलवरच अशी खूण असायची की 'पहिलं का?' असं कोणी विचारतच नसे. आपल्याकडे वेगळं क्लिनिक नसेल, पण एकच डॉक्टर धरून ठेवता येतो आणि पहिल्याच भेटीत रिसेप्शनवर सांगून ठेवता येतं.

निरांजन

आम्ही थांबलो. चार ओळी आमच्याही असू द्या, कारण अशा धाग्यांवर शेवटी सगळ्यांना बाळ झालेलं असतं आणि न झालेले बोलत नाहीत. माझी किडनी त्या बाळंतपणात अधू झाली. डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही, पण त्यांचा चेहरा मला वाचता आला. आता दत्तकासाठी 'कारा' या सरकारी संस्थेकडे नाव नोंदवलंय, वाट बघतोय. माझी भाची म्हणते, येईल ते बाळ आत्ता कुठेतरी झोपलं असेल का गं? ताई, तुझे रिपोर्ट चांगले आले तर जरूर पुढे जा. नाही आले तरी तुझं घर होईल.

सावंतवाडीचो

वर डॉक्टरांनी किती मिनिटांत पोचणार ते विचारलंय. आमच्या भागात तेच ठरवतं. आमच्याकडून जोखमीची बाळंतीण बहुतेकदा गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जाते. हिला आम्ही दुसऱ्या वेळी आठव्या महिन्यापासूनच म्हापशाला मामेबहिणीकडे ठेवलं. लोक म्हणाले, बाळंतपणाला कोणी मामेबहिणीकडे जातं का! जातं. १०८ ला फोन केला की गाडी येते, पण गाडी आली म्हणजे रस्ता लहान होत नाही.

दवाखाना निवडताना तीनच प्रश्न विचारले: रक्तपेढी आवारातच आहे का, भूलतज्ज्ञ रात्री आवारातच असतो का, एनआयसीयू याच इमारतीत आहे का. 'बोलावलं की येतात' या उत्तरावर आम्ही उठून आलो.

पाखरू

आणखी एक अवघड प्रश्न. पुन्हा जवळ येणंच कुणाला जड गेलं का? मला नवऱ्याचा स्पर्श झाला की तोच पलंग आठवायचा.

रेवाकाठी

गेलं. बरेच महिने. आम्ही आधी नुसतं संध्याकाळी चालायला जाऊ लागलो. समुपदेशक दोघांना एकत्र भेटली, तिने 'बाळासाठी' हा विषय काही काळ बाजूलाच ठेवायला सांगितला. तुझी वेळ आली की येईल, तोवर कोणाला कारण देत बसू नकोस.

शेवंती

परत आले. मध्ये बरंच झालं.

आम्ही दोघे डॉक्टरांकडे जाऊन आलो, पुण्यातच, नव्या. यांनी पानशेत_वारा यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. अर्धा तास त्या यांच्याशीच बोलत होत्या. ऑपरेशनच्या नोंदी माहेरच्या जिल्ह्याहून मागवल्या, छेद आडवाच आहे. बीपी अजूनही १३४/८६ च्या आसपास असतं, म्हणून आधी ते बघायचंय. किडनी ठीक, अँटीबॉडीज निगेटिव्ह, हिमोग्लोबिन मात्र दहाच्या खाली आहे. डॉक्टर म्हणाल्या, दिवाळीपर्यंत रक्त आणि बीपी सुधारू, मग गोळ्या बघून पुढचं. सासूबाईंशी हे बोलले. माई, तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. त्या देवघरात जाऊन बसल्या आणि नंतर मला म्हणाल्या, दिवाळी तर दिवाळी.

म्हणजे उत्तर हो आहे, पण आत्ता नाही. आणि यांनाही मान्य आहे, हे लिहिताना फार बरं वाटतंय.

राहिला तो माहेरचा प्रश्न. पुढच्या वेळी मी पुण्यातच राहणार, ते पक्कं. पण हे आईला कसं सांगू? तिला वाटेल मी तिला दोष देतेय. तिने त्या पहाटे मला गाडीत धरून ठेवलं होतं, सगळा वेळ.

गोदाकाठ

आईला पुण्याला बोलाव. सहाव्या महिन्यापासून. डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी तिच्या हातची पुण्यातही होते. आणि 'तू ये, मला तू हवीस' असं सांग, 'मी येत नाही' असं नको. माहेर तिच्याबरोबर येईल.

माई_मिरजकर

आईला साडी दे, गाडीत धरलेल्या हातांसाठी असं म्हण आणि बोलाव. ती लगेच येईल. आणि येताना सांग की या वेळी बीपी मोजायचं काम तिचं.

पानशेत_वारा

आमच्याकडे ते काम मी घेतलं होतं. मशीन आणलं तेव्हा बायकोबरोबर आईचं, सासऱ्यांचं, वरच्या मजल्यावरच्या काकांचं आणि एकदा कुरियरवाल्याचंही मोजलं. काकांचं १७० निघालं, त्यांना गोळी सुरू झाली. ते अजून मला पेढे आणून देतात.

शेवंती

:) हे यांना वाचून दाखवलं, आज कितीतरी दिवसांनी हसले. मशीन कोणतं घ्यायचं? आणि किती आलं की फोन करायचा?

डॉ_स्नेहल

दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा खोटाच जास्त येतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, मोजताना बोलायचं नाही. एकदा दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघा. दिवस राहिल्यावर १४०/९० किंवा वर गेलं की त्याच दिवशी फोन. १६०/११० असेल, किंवा डोकं खूप दुखणं, डोळ्यांसमोर चमकणं, बरगडीखाली दुखणं यांपैकी काही असेल तर फोनची वाट न बघता थेट दवाखाना. न थांबणारं पोटदुखणं, घट्ट पोट, रक्त, बाळाची हालचाल कमी, यांनाही तोच नियम. हे एका कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि आईलाही वाचून दाखवा. आणि शेवंती, आकडे तुमच्याच वहीत ठेवा. दर भेटीला वही पुढे करा, तुमच्या डॉक्टरांनी मान वर करून वाचेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.